ड्राफ्ट नसता तर एनबीएतल्या छोट्या शहरांकडे तरुण तारे आले असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिन्यात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट (संघांनी नव्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडण्याची पद्धत) जवळ आला की हा वाद हमखास पेटतो. एक बाजू म्हणते, ड्राफ्ट गेला तर मेम्फिस आणि ओक्लाहोमा सिटीला कुणी विचारणार नाही. दुसरी म्हणते, एकोणीस वर्षांच्या मुलाला आपली कंपनी निवडायचा हक्कच नाही, हा अन्याय आहे. दोन्ही बाजू बहुतेक वेळा शहरांबद्दल बोलतात. खरा प्रश्न पगाराच्या नियमांचा आहे, म्हणून खालची बरीच उत्तरं तिकडेच वळतात.

आधी थेट सांगा: येतील की नाही?

बहुतेक येतील. वर्षाकाठी जे एक-दोन अगदी वेगळे खेळाडू असतात, ते येतील की नाही हे नव्या खेळाडूच्या पगारावर वरून मर्यादा आहे की नाही यावर ठरेल. मर्यादा आजच्यासारखी राहिली तर ते छोट्या शहराच्या हातून जातील. मर्यादा उठली आणि सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा) कडक राहिली, तर छोट्या शहराला आजच्याइतकीच संधी आहे, काही वर्षी जास्तच.

छोटं मार्केट म्हणजे नेमके कोणते संघ?

ओक्लाहोमा सिटी, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, मिलवॉकी, इंडियाना, युटा, सॅक्रामेंटो, सॅन अँटोनियो ही नावं साधारण सगळ्यांना मान्य असतात. पोर्टलंड, शार्लट आणि क्लीव्हलंड यांच्यावर मतभेद होतात. इथे शहराच्या लोकसंख्येपेक्षा टीव्हीचा स्थानिक प्रेक्षकवर्ग आणि आसपासच्या कंपन्यांचा जाहिरातीचा पैसा मोजतात. सॅन अँटोनियो शहर म्हणून मोठं आहे, पण टीव्हीच्या हिशेबात छोटं.

छोटं मार्केट म्हणजे कमकुवत संघ नव्हे. २०२५ ची अंतिम मालिका ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना यांच्यात झाली, सात सामने चालली आणि ओक्लाहोमा सिटीने जिंकली. मिलवॉकीने २०२१ मध्ये विजेतेपद मिळवलं.

आजचा ड्राफ्ट चालतो कसा?

दोन फेऱ्या असतात आणि ३० संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) न गाठलेले १४ संघ लॉटरीत जातात. १ ते १४ आकड्यांचे चेंडू यंत्रात फिरतात आणि त्यातले चार बाहेर येतात. चार आकड्यांच्या एकूण १००१ जोडण्या होतात. एक बाजूला ठेवून उरलेल्या हजार संघांमध्ये वाटलेल्या असतात. पहिल्या चार जागा अशा ठरतात, पुढच्या जागा हरलेल्या सामन्यांच्या क्रमाने लागतात. २०१९ पासून सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के शक्यता मिळते. त्याआधी एकट्या तळाच्या संघाला २५ टक्के मिळत असे. म्हणजे ड्राफ्ट कुणाला तारा देत नाही. तो फक्त रांगेतली जागा देतो, आणि तीही सोडत काढून. २०२५ मध्ये डॅलसची शक्यता १.८ टक्के होती आणि पहिल्या क्रमांकाचा कूपर फ्लॅग डॅलसला गेला.

मग ड्राफ्टमुळे छोट्या शहराला खरा फायदा कोणता होतो?

तीन होतात आणि ते वेगळे ओळखायला हवेत.

पहिला म्हणजे हक्क. निवडलेला खेळाडू लीगमध्ये फक्त त्याच संघाशी करार करू शकतो.

दुसरा म्हणजे किंमत, आणि आमच्या मते हाच मोठा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यातून येतो, त्याला रुकी स्केल म्हणतात. तक्त्यातल्या आकड्याच्या ८० ते १२० टक्के एवढंच मागेपुढे करता येतं, आणि व्यवहारात जवळजवळ सगळे १२० टक्केच घेतात. व्हिक्टर वेम्बान्यामा २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर सॅन अँटोनियोकडे आला. त्याचा पहिल्या वर्षाचा पगार सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर होता. त्या वर्षीची सॅलरी कॅप १३ कोटी ६० लाख होती आणि नव्या खेळाडूला देता येणारी कमाल रक्कम कॅपच्या २५ टक्के, म्हणजे ३ कोटी ४० लाख. वर्षाला २ कोटी १८ लाख डॉलरचा हा फरक सॅन अँटोनियोला इतर खेळाडूंवर खर्च करता आला.

हा तक्ता पूर्वी नव्हता. १९९४ मध्ये ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीशी दहा वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. मालक हादरले आणि १९९५ पासून रुकी स्केल आला. करार करणारा संघ मिलवॉकी होता हे विसरू नये. पैसा मोजायची वेळ आली तेव्हा छोटं शहर मागे हटलं नव्हतं.

तिसरा फायदा चार वर्षांनंतर दिसतो. करारातली पहिली दोन वर्षं पक्की असतात, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. त्यानंतर खेळाडू मोकळा होतो, पण पूर्ण नाही. दुसऱ्या संघाने देऊ केलेला करार जुना संघ ठरावीक मुदतीत तसाच स्वीकारून त्याला ठेवू शकतो. पुढच्या करारात जुना संघ पाच वर्षं आणि दरसाल ८ टक्के वाढ देऊ शकतो, दुसरा संघ चार वर्षं आणि ५ टक्के. चार अधिक पाच अशी नऊ वर्षं खेळाडू हातात राहतात ती या नियमांमुळे. ड्राफ्ट उद्या बंद झाला तरी हे नियम तसेच ठेवता येतात.

ड्राफ्ट काढला पण रुकी स्केल ठेवला तर काय होईल?

छोट्या शहरांसाठी हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. अनेक जण नकळत हीच कल्पना मांडतात म्हणून इथे थोडं थांबू.

आज कॅपच्या वर गेलेला संघही पहिल्या फेरीतल्या आपल्या खेळाडूला घेऊ शकतो, कारण रुकी करारांना कॅपमधून सूट आहे. ड्राफ्ट काढून ही सूट सगळ्यांना खुली ठेवली तर मेम्फिस आणि लॉस एंजेलिस लेकर्स एकाच मुलाला एकच रक्कम देऊ करतील. पैसा सारखा झाला की निवड उरलेल्या गोष्टींवर जाते: हवामान, सोबतचे खेळाडू, प्रशिक्षक, प्रसिद्धी, नातेवाइकांचं घर. या यादीत छोटं शहर कधी जिंकेल, पण नेहमी नाही.

याचा पुरावा बेसबॉलमध्ये आहे. मेजर लीग बेसबॉलमध्ये परदेशी तरुण खेळाडूंना ड्राफ्ट लागू नाही. प्रत्येक संघाला ठरावीक रकमेची थैली मिळते आणि तिच्याबाहेर जाता येत नाही. २०१७ मध्ये शोहेई ओहतानी जपानहून आला तेव्हा तो २५ वर्षांखालचा होता, म्हणून तो या थैलीतच बसला. टेक्सास रेंजर्सकडे सुमारे ३५ लाख डॉलर शिल्लक होते. तो एंजल्सकडे २३ लाख १५ हजारांवर गेला. जानेवारी २०२५ मध्ये रोकी सासाकीने ६५ लाखांवर डॉजर्स निवडले. दोघांचं खरं मोल या आकड्यांच्या कितीतरी पट होतं. रक्कम इतकी छोटी असेल तर दहा-बारा लाखांचा फरक कुणाला हलवत नाही.

आणि दोन्ही काढले तर? म्हणजे ड्राफ्टही नाही, रुकी स्केलही नाही?

तेव्हा खेळ कॅपमधल्या मोकळ्या जागेचा होतो. वेम्बान्यामाचंच वर्ष घ्या. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला ३ कोटी ४० लाख द्यायचे तर आधी तेवढी जागा हवी. गोल्डन स्टेट, क्लिपर्स, लेकर्स, बॉस्टन, मायामी हे संघ त्या मोसमात लक्झरी टॅक्सच्या (कॅपच्या खूप वर खर्च केल्यास लागणाऱ्या दंडाच्या) रेषेवर होते. कॅपमध्ये ऐसपैस जागा असलेल्यांत ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, इंडियाना, युटा, ओक्लाहोमा सिटी, ओरलँडो, डेट्रॉइट होते. ही यादी पुन्हा वाचा. निम्म्याहून जास्त नावं छोट्या शहरांची आहेत. तरुण संघ स्वस्त असतात, जागा त्यांच्याकडेच उरते. त्यामुळे पहिल्या वर्षी छोट्या शहरांचं फावेल.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र मोठी शहरं तयारी करून येतील. असा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षीच सगळ्यांना माहीत झालेला असतो. न्यूयॉर्कला तीन वर्षं आधी ठाऊक असेल की अमुक उन्हाळ्यात तो मोकळा होणार, आणि त्या उन्हाळ्यात संपणारे करारच ते करत जातील. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्ससाठी न्यूयॉर्क निक्सनी नेमकं हेच केलं होतं. लेब्रॉन आला नाही, पण जागा करून दाखवली होती. म्हणजे हा पर्याय छोट्या शहरांना मारत नाही, त्यांना फक्त सुरक्षित ठेवत नाही.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या, २०२३ पासून लागू असलेल्या करारातल्या दुसऱ्या ॲप्रनने, म्हणजे कॅपच्या बरीच वर आखलेल्या खर्चाच्या रेषेने, इथे मदत केली आहे. २०२५-२६ मध्ये ही रेषा सुमारे २० कोटी ७८ लाख डॉलर आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला मिड-लेव्हलची सूट (कॅपच्या वर असूनही मध्यम पगारावर खेळाडू घेण्याची सवलत) मिळत नाही, आणि दोन-तीन पगार एकत्र करून एका महागड्या खेळाडूच्या बदल्यात देता येत नाहीत. श्रीमंत मालकाचा पैसा यामुळे काही प्रमाणात बांधला गेला आहे.

मधला मार्ग आहे का?

आहे. आमच्या मते विचार करण्यासारखा एवढाच आहे. नव्या खेळाडूंसाठी प्रत्येक संघाला कॅपच्या बाहेर वेगळी थैली द्यायची, आणि हरलेल्याला मोठी. उदाहरणादाखल: सर्वांत वाईट संघाला वर्षाला २ कोटी डॉलर आणि पुढच्या प्रत्येक संघाला ६ लाख कमी. मग विजेत्याकडे २६ लाख राहतात. तीसही थैल्यांची बेरीज ३३ कोटी ९० लाख होते. संघ पूर्ण थैली एकाच मुलावर ओतू शकतो किंवा चौघांत वाटू शकतो. थैलीची अदलाबदल बंद, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी नाही.

बेसबॉलच्या थैलीतला दोष इथे टळतो, कारण २ कोटी आणि २६ लाख यांतलं अंतर कुणालाही जाणवेल. खेळाडूला आवाज मिळतो: तळाचे सहा-सात संघ जवळपास सारखीच रक्कम देऊ शकतात, त्यातला त्याला योग्य वाटेल तो निवडता येतो.

यातलं छिद्रही सांगायला हवं. मोठं शहर वाईट खेळलं तर त्याचीही थैली मोठी होते. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्क निक्स १७ जिंकून ६५ हरले. लॉटरीत ते तिसऱ्या जागेवर घसरले आणि झायन विल्यमसन गेला न्यू ऑर्लिन्सला, ज्यांची शक्यता फक्त ६ टक्के होती. थैलीची पद्धत असती तर त्या वर्षी सर्वांत मोठी थैली आणि सर्वांत मोठं शहर एकाच हातात आलं असतं. हे टाळायचं तर एका मोसमाऐवजी तीन मोसमांच्या निकालांवरून थैली ठरवावी. मुद्दाम हरण्याचा मोहही त्याने कमी होतो.

पण तरुण मुलं शहर बघूनच जातात ना?

हा समज जितका पक्का आहे तितका आधार त्याला नाही. अमेरिकेत सर्वोत्तम अठरा वर्षांच्या मुलांना संघ निवडायची मोकळीक आजही आहे: कॉलेजमध्ये. तिथे ड्राफ्ट नाही. वर्षानुवर्षं ही मुलं ड्यूकसाठी डरहमला, केंटकीसाठी लेक्सिंग्टनला, कॅन्ससच्या लॉरेन्सला गेली आहेत. लॉरेन्सची वस्ती लाखाच्या आसपास आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, त्यानंतर ए. जे. डिबान्सासारख्या अव्वल मुलाने युटातल्या प्रोव्होचं ब्रिगम यंग विद्यापीठ निवडलं. मुलं चांगला प्रशिक्षक, हमखास मिळणारी मिनिटं, टीव्हीवर दिसणारे सामने आणि पैसा बघतात. शहर नंतर येतं.

एनबीएतही असे दाखले आहेत. ग्रेग मनरो २०१५ मध्ये पंचविशीत पूर्ण मोकळा झाला. निक्स आणि लेकर्स दोघेही मागे होते. त्याने मिलवॉकीशी तीन वर्षांचा ५ कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षी मिलवॉकीची तरुण फळी वर येत होती, हे कारण होतं.

ज्यांना ड्राफ्टमध्ये कुणी घेत नाही, त्यांच्याकडून काही शिकता येतं का?

बरंच. ड्राफ्टची शेवटची निवड जाहीर झाल्यावर पुढच्या तासाभरात उरलेली मुलं आणि त्यांचे एजंट जे करतात, तोच ड्राफ्टविना बाजार. प्रत्येक संघाकडे टू-वे कराराच्या (मुख्य संघ आणि एनबीएची दुय्यम लीग असलेली जी-लीग, दोन्हीकडे खेळण्याच्या) तीन जागा असतात. पगार सगळीकडे तोच. एजंट आधी हे तपासतो: त्या जागेवर आधीचे किती खेळाडू आहेत, त्यांचे करार कधी संपतात, जी-लीगचा संघ किती जवळ आहे, आणि मागच्या तीन वर्षांत किती टू-वे खेळाडूंना पक्का करार मिळाला.

ल्यू डॉर्ट २०१९ मध्ये निवडला गेला नाही आणि ओक्लाहोमा सिटीला गेला. सहा वर्षांनी तो विजेत्या संघातला मुख्य बचावपटू होता. उलट ऑस्टिन रीव्हजने २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीत डेट्रॉइटकडे न जाता निवडलं न जाणं पत्करलं आणि लेकर्सचा टू-वे करार घेतला. दोघांनी एकच हिशेब केला: मला खेळायला कुठे मिळेल? उत्तरं वेगवेगळी आली, एवढंच.

मग लेब्रॉन, ड्युरंट, डेव्हिस छोट्या शहरांतून का गेले?

कधी गेले ते पाहा. लेब्रॉन सात मोसमांनंतर क्लीव्हलंडमधून, ड्युरंट नऊ मोसमांनंतर २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटीतून, अँथनी डेव्हिस सात मोसमांनंतर न्यू ऑर्लिन्समधून. तिघेही ड्राफ्टने आले होते. ड्राफ्टने त्यांना आणलं, ठेवलं नाही. गेले ते विजेतेपदाच्या ओढीने. ड्युरंटच्या बाबतीत आणखी एक योग होता: नव्या टीव्ही कराराने कॅप एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर उडाली आणि आधीच बलाढ्य असलेल्या गोल्डन स्टेटला अचानक जागा मिळाली. म्हणूनच आताच्या करारात कॅपची वार्षिक वाढ १० टक्क्यांवर रोखली आहे.

याच्या उलट यानिस अँटेटोकुंपोने मिलवॉकीत डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांचा २२ कोटी ८० लाखांचा करार केला आणि २०२३ मध्ये तो वाढवला. शे गिल्जस-अलेक्झांडर ओक्लाहोमा सिटीने ड्राफ्टमधून नव्हे तर २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात मिळवला. सोबत पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवड करण्याचे पाच हक्कही आले. २०२५ मध्ये त्यानेही मुदतवाढ घेतली. टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला आला तोही अदलाबदलीतून.

कराचा फरक पडतो का?

पडतो, पण लोक समजतात तितका नाही. टेनेसी, टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात वरच्या टप्प्यावर तो १३ टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे मेम्फिस आणि सॅन अँटोनियो इथे लॉस एंजेलिसपेक्षा वरचढ आहेत. मात्र खेळाडूला बाहेरच्या राज्यांत खेळलेल्या सामन्यांच्या प्रमाणात तिथला कर भरावा लागतो, म्हणून बचत पूर्ण पगारावर होत नाही. साधारण अर्ध्या मोसमाच्या कमाईवर होते असं धरून चालावं.

जाहिराती तर मोठ्या शहरातच मिळतात?

स्थानिक मिळतात. मोठी रक्कम बुटांच्या कंपन्यांकडून येते आणि तिला शहराशी देणंघेणं नसतं. लेब्रॉनने २००३ मध्ये ड्राफ्टच्या आधीच नायकीशी ९ कोटी डॉलरचा करार केला होता. यानिसचा स्वतःच्या नावाचा बूट तो मिलवॉकीत खेळत असताना बाजारात आला.

ड्राफ्ट गेला तर मुद्दाम हरणं थांबेल?

ड्राफ्टसाठीचं थांबेल. फिलाडेल्फियाने २०१५-१६ मध्ये १० जिंकून ७२ सामने हरले, ते निवडींच्या हिशेबानेच. २०२३ मध्ये शेवटच्या आठवड्यात खेळाडू बसवून ठेवल्याबद्दल डॅलसला साडेसात लाख डॉलर दंड झाला. बक्षीसच नाही तर हरायचं कशाला? उलट ज्या संघाला तरुणाला आपल्याकडे बोलवायचं आहे, तो ७२ सामने हरून काय दाखवणार? छोट्या शहराच्या प्रेक्षकांसाठी हा फायदा फार मोठा आहे. तीन-चार वर्षं मुद्दाम हरणारा संघ पाहायला त्यांनीच तिकिटं काढलेली असतात.

आयपीएलसारखा लिलाव केला तर?

लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते (२०२५ साठी १२० कोटी रुपये), म्हणून जयपूर आणि मुंबई एका पातळीवर येतात. राजस्थान रॉयल्सने तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतलं ते त्यामुळेच शक्य झालं. २००८ मध्ये १९ वर्षांखालच्या मुलांसाठी आयपीएलने चक्क ड्राफ्ट घेतला होता, विराट कोहली त्यातूनच बंगळूरुला गेला.

एनबीएत अडचण अशी की लिलावातही खेळाडूला निवड नसते. आयपीएल दोन महिन्यांची आहे. एनबीएचा खेळाडू ८२ सामन्यांसाठी त्या शहरात घर करून राहतो. ड्राफ्ट काढण्याचं मुख्य कारण निवडीचा हक्क असेल तर लिलावाने ते सुटत नाही. किंमत मात्र न्याय्य होते.

ड्राफ्ट काढल्याचं उदाहरण आहे का कुठे?

अमेरिकेच्या महिला फुटबॉल लीगने, म्हणजे एनडब्ल्यूएसएलने, ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाडू संघटनेशी केलेल्या करारात ड्राफ्ट पूर्ण बंद केला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. ऑस्ट्रेलियात रग्बी लीगचा ड्राफ्ट १९९१ मध्ये न्यायालयाने रद्द केला. युरोपातल्या बास्केटबॉलला ड्राफ्ट कधी नव्हताच: लुका डोन्चिच तेराव्या वर्षी रिअल माद्रिदकडे गेला, निकोला योकिच सर्बियातल्या मेगा या छोट्या क्लबमध्ये घडला. मेगासारखे क्लब मुलं घडवतात आणि विकतात, हाच त्यांचा धंदा. एनबीएत खेळाडूची रोख विक्री अशी होत नाही, म्हणून ते गणित इथे जसंच्या तसं लागू पडणार नाही.

बिघाड कुठे होईल?

सगळ्यात आधी वयात. बेसबॉलमध्ये परदेशी मुलाशी सोळाव्या वर्षी करार होतो, पण डॉमिनिकन प्रजासत्ताकात तोंडी बोलणी बारा-तेराव्या वर्षीच होऊन जातात. मुलगा चौदाव्या वर्षी दुखावला तर शब्द फिरवला जातो आणि त्याच्या हातात कागद नसतो. एनबीएत आज १९ वर्षांची अट आहे. ड्राफ्ट काढताना ती तशीच ठेवावी, आणि ठरावीक तारखेआधी संघाने मुलाशी, पालकांशी किंवा एजंटशी बोलायलाही बंदी असावी.

मग चोरवाटा. थैलीची मर्यादा आली की वडिलांना नोकरी, काकांच्या संस्थेला देणगी, मालकाच्या दुसऱ्या कंपनीची जाहिरात असे प्रकार सुरू होतात. अटलांटा ब्रेव्ह्जला २०१७ मध्ये थैलीचे नियम मोडल्याबद्दल १३ तरुण खेळाडू गमवावे लागले. एनबीएत मिनेसोटाने जो स्मिथशी छुपा करार केला, तो २००० मध्ये उघड झाला. ३५ लाख डॉलर दंड आणि पहिल्या फेरीच्या निवडी जप्त. ड्राफ्टच नसेल तर जप्त करायला निवडी उरणार नाहीत. तेव्हा शिक्षा म्हणून थैलीच काढून घ्यावी लागेल.

तिसरी अडचण लोक विसरतात: एजंटांची मक्तेदारी. एकाच एजन्सीकडे दहा अव्वल मुलं असतील तर ती एका संघाला दोन देऊन दुसऱ्याकडून तिसरा मोकळा करून घेऊ शकते. ड्राफ्ट असतानाही डॅनी फेरीने १९८९ मध्ये क्लिपर्सना नकार देऊन इटली गाठली, स्टीव्ह फ्रान्सिसने १९९९ मध्ये व्हँकुव्हरला नाही म्हणून ह्यूस्टन मिळवलं, अशी उदाहरणं आहेत. तेव्हा ती बातमी झाली होती. ड्राफ्टविना हे रोजचं होईल.

छोट्या संघाच्या व्यवस्थापनाने अशा बाजाराची तयारी कशी करावी?

पहिलं काम कराराच्या तारखांचं. पुढच्या तीन उन्हाळ्यांसाठी प्रत्येक जागेवर कोण आहे आणि कधी मोकळा होतो याचा तक्ता करावा. ज्या वर्षी उत्तम पॉइंट गार्ड (चेंडू घेऊन खेळ रचणारा खेळाडू) येणार आहे त्या वर्षी आपला गार्ड पाच वर्षांच्या करारात अडकलेला नको. मुलाला देता येणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मोकळी जागा: पहिल्या दिवसापासून ३० मिनिटं आणि हातात चेंडू. लेकर्स हे वचन देऊ शकत नाहीत, कारण त्यांच्याकडे आधीच दोन तारे असतात.

प्रशिक्षकाचा करार मुलाच्या पहिल्या करारापेक्षा लांब असावा. ज्याच्या भरवशावर मुलगा आला तोच दुसऱ्या वर्षी गेला तर चार वर्षांनी मुलगाही जाणार.

आपल्याकडे सुधारलेल्या खेळाडूंची यादी आकड्यांसह ठेवावी: आले तेव्हा तीन गुणांची टक्केवारी किती, तीन वर्षांनी किती, पुढचा करार केवढ्याचा. पालकांना सरावाच्या हॉलपेक्षा हा कागद जास्त पटतो. जी-लीगचा संघ त्याच शहरात किंवा तासाभराच्या अंतरावर असावा, म्हणजे दुखापतीतून सावरणारा मुलगा सकाळी मुख्य संघाबरोबर आणि संध्याकाळी तिकडे खेळू शकतो.

आणि देऊ केलेली रक्कम पहिल्याच दिवशी पूर्ण द्यावी. हळूहळू वाढवत नेण्याची घासाघीस मोठ्या शहराला परवडते, कारण मुलगा त्यांची वाट पाहतो. छोट्या शहराची वाट कुणी पाहत नाही.

म्हणजे ड्राफ्ट असला तरी चूक होऊ शकतेच?

सॅक्रामेंटोला विचारा. त्यांचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांचे भारतातले पहिले एनबीए सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. याच संघाने २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्व्हिन बॅगली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर डोन्चिच गेला. २००७ ते २०२२ असे सलग १६ मोसम सॅक्रामेंटोने प्लेऑफ पाहिली नाही आणि त्या काळात त्यांना लॉटरीतल्या निवडी मिळत राहिल्या. त्याच ड्राफ्टवर ओक्लाहोमा सिटीने २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन आणि बाराव्यावर जेलन विल्यम्स घेऊन तीन वर्षांत विजेतेपद मिळवलं. योकिच तर २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर डेन्व्हरला मिळाला होता.

ड्राफ्ट खरंच बंद होऊ शकतो का, आणि कधी?

ड्राफ्ट हा लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक कराराचा भाग आहे. न्यायालयांनी तो टिकवला तो याच आधारावर. चालू करार २०२९-३० च्या मोसमापर्यंत आहे आणि दोन्ही बाजूंना २०२८-२९ नंतर त्यातून बाहेर पडता येतं. बदल आलाच तर त्या वाटाघाटींत येईल. अडथळा दोन्हीकडून आहे. संघटनेत मत देणारे आजचे खेळाडू आहेत. नव्या मुलाला वर्षाला २ कोटी जास्त मिळाले तर ते यांच्याच वाट्यातून जातील, कारण लीगच्या उत्पन्नातला खेळाडूंचा एकूण हिस्सा ४९ ते ५१ टक्क्यांवर बांधलेला आहे. मालकांच्या बाजूने छोटे संघ अडून बसतील: २०१७ मध्ये लॉटरीची शक्यता सपाट करण्यावर मतदान झालं तेव्हा २८ संघ बाजूने होते, डॅलस तटस्थ राहिला, आणि विरोधात मत देणारा एकमेव संघ ओक्लाहोमा सिटी होता.